मागच्या दारची आंघोळ

पाकळी उजवीकडची पडली. मंडपात बसलेल्या सगळ्या बाप्यांनी हात जोडले. माझ्या भावानंही जोडले. मी खाली अंगणात उभी होते, कारण सासरच्या गावात देवळात बैठक बसली की बाईनं मंडपाची पायरी चढायची नसते.

माझी लेक मात्र वर होती. आजोबाच्या मांडीवर. आरू तिचं नाव, तेव्हा दुसरीत होती. तिला माझ्याकडं यायचं होतं. सासऱ्यानं तिच्या पोटाभोवती हात घट्ट धरला होता.

आमच्याकडं अडलेल्या गोष्टीला देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, पुजारी गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हैस हरवली, लग्न ठरत नाही, बांध कुणाचा, सगळं देवाला विचारून. त्या दिवशी माझी पोर विचारली.

"बा देवा म्हाराजा, लेकरू बापाच्या घरात ऱ्हावं ह्यात तुजी खुशी असंल तर उजवी दे."

"व्हय म्हाराजा," बाप्ये म्हणाले.

पोर आईकडं राहावी का, हे कुणी विचारलंच नाही. उजवी म्हणजे बाप, डावी म्हणजे थांबा, परत विचारू. मी देवाच्या हिशेबातच नव्हते. माझा सासरा गावकर, म्हणजे गावातला पहिला मान त्यांचा. पालखीला पहिला खांदा त्यांचा, नारळ पहिला त्यांचा. देवाला प्रश्न काय घालायचा तेही तेच पुजाऱ्याला सांगणार. मग उजवी पडली काय नि डावी पडली काय.

शेवटी प्रसाद वाटला. वर सगळ्यांच्या हातावर. माझा प्रसाद पुजाऱ्यानं पानावर ठेवून पान शेवटच्या पायरीवर ठेवलं. मी वाकून उचलला. आज त्याचा संताप येतो. तेव्हा उचलला आणि डोक्याला लावला.

सासू बायकांच्या घोळक्यात माझ्या मागंच होती. मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नांदायची अक्कल न्हाई आनि पोर पायजे म्हनं."

नांदण्याचं सांगते. नवरा मारायचा. त्याला कारण लागत नव्हतं. जेवण गरम असलं तरी, गार असलं तरी. लग्नाच्या आधी कुणी बोललं नाही, कारण मोठं घर, रामनगरच्या रस्त्याला दुकान, दारात जीप. माझ्या आईबापाच्या माघारी भावानं एवढं घर बघून दिलं याचंच लोकांना कौतुक. मार मी सोसला. पण एकदा आरू मधे येऊन उभी राहिली, हात पसरून, शाळेत कवायतीला उभी राहते तशी. त्या दिवशी मी तिला घेऊन बाजारकुणंगला भावाकडं आले. थोड्या दिवसांनी सासरची जीप शाळेच्या दारात आली. आज्जी आजारी आहे म्हणून सांगितलं आणि तिला घेऊन गेले. आज्जी ठणठणीत होती. मी आणायला गेले तर म्हणाले, आता देवळातच काय ते होऊ दे.

देवळात काय झालं ते सांगितलंच.

ठरलं असं की एक शनिवार सोडून एका शनिवारी आरू माझ्याकडं येणार, रविवारी संध्याकाळी परत जाणार. भाऊ म्हणाला, "तेवडं तर मिळालं न्हवं. आता गप ऱ्हा." वहिनी म्हणाली, "शांत ऱ्हावा वन्स." नर्सरीत माझ्याबरोबर रोपांच्या पिशव्यांत माती भरणाऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या, शांत राहा. ज्याला त्याला माझी शांती हवी होती. तिकडं कुणी जाऊन सांगत नव्हतं की बाबा, तू हात उचलू नको.

आरू यायची ती निरोप घेऊन यायची. "आजोबांनी सांगितलंय, मामाच्या घरचं फुकटचं किती दिवस खानार इचार." "आज्जी इचारती, नर्सरीत तुज्याबरोबर कोन कोन असतंय?" मलाही राग यायचा. मीही उलट निरोप द्यायचे. ती बिचारी दोन्हीकडचे शब्द पाठ करून इकडून तिकडं नेत होती. रामनगरच्या बाजारातून मी तिला फ्रॉक घेतला, तो घालून तिला पाठवलं. पुढच्या खेपेला तोच फ्रॉक पिशवीत कोंबून परत आला. ओला. कुबट वास मारत होता. मला वाटलं, पोरीनं भिजवला असेल.

मग तो शनिवार आला. थंडीचे दिवस. आमच्याकडं झाडी दाट, ऊन लवकर जातं. जीपमधून उतरली ती आरू अंगणात थांबलीच नाही. घराला वळसा घालून मागं गेली. मला वाटलं, लघवीला गेली असेल. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागं गेले.

धुण्याच्या दगडावर ती उभी होती. अंगावरचे कपडे काढून बाजूला ठेवलेले. दात वाजत होते.

"आई, पानी वत की लवकर."

"काय करतीस गं? कुणी सांगितलं?"

"आंगोळ. तिकडं गेल्यावर आज्जी घालती न्हवं. मागच्या दारात. मग आत घेती."

"कशाला?"

"तुज्याकडचा विटाळ असतोय म्हनं. सोडून आलेल्या बाईच्या घरचा." ती ते पाठ केलेल्या निरोपासारखं म्हणाली. मग म्हणाली, "मग तिकडचा हितं लागत असंल की."

मी तिला पदरात गुंडाळली. ती पदराच्या आतून म्हणाली, "दोनीकडं धुवायला लागतंय म्हंजे घान मीच हाय न्हवं, आई?"

हे वाक्य माझ्या लेकीचं आहे. सात वर्षांच्या पोरीचं. नवऱ्याच्या हातानं मला जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. मी तिला घेऊन त्या दगडावर बसले आणि ढसाढसा रडले. रडताना समोर भावाच्या घराचं मागचं दार दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला की मीसुद्धा त्याच दारानं येते-जाते. भावाच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा वहिनी म्हणाली होती, "वन्स, तुमी जरा मागं बसा, लोक इचारत्यात." तेव्हापासून मी मागंच बसत होते. पाहुणे गेले तरी. वहिनीनं तेवढ्यापुरतंच सांगितलं होतं, बाकीचं मीच केलं होतं. आई मागच्या दारानं जाते, मग लेकीला काय कळणार?

रविवारी मी तिला जीपमध्ये एकटी बसवली नाही. तिच्याबरोबर मीही बसले.

सासरच्या ओसरीवर सासरा पान लावत बसला होता. शेजारचे दोघे बाप्ये होते. नवरा आतून आला. सासू घराच्या कोपऱ्यावरून पुढं आली, हातात तांब्या.

"आरू, मागं ये. पानी काडलंय."

आरू चालायला लागली. सवयीनं. मी तिचा हात धरला.

"ती मागं जानार न्हाई," मी म्हणाले. "पुडच्या दारानं आत जाईल."

"तमाशा करू नगंस," नवरा म्हणाला. "लोक हायत."

"लोक हायत म्हनूनच बोलतीय. माजी पोर घान न्हाई. मी बी न्हाई. आंगोळ न घालता पुडच्या दारानं घ्या. न्हाईतर माज्याबरोबर माघारी येईल."

सासऱ्यानं पान खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाला, कारण त्याला आवाज चढवायची कधी गरजच पडली नव्हती. "देवाचा कौल मोडतीस?"

"आंगोळीचं देवाला इचारलं न्हवतं मामंजी तुमी."

मी थोडी वाट बघितली. खरंच बघितली. मला वाटत होतं, नवरा तरी एक पाऊल पुढं येईल, पोरीचा हात धरेल, आत नेईल. त्याची पोर होती ती. तो आईच्या तोंडाकडं बघत राहिला. सासू तांब्या धरून तशीच उभी.

मी आरूला घेऊन वळले. जीपवाल्यानं सासऱ्याकडं बघितलं आणि आम्हाला बसवून घ्यायला नकार दिला. आम्ही दोघी रस्त्यापर्यंत चालत गेलो. तिथं बस मिळाली.

भावाच्या घरात वादळच उठलं. "माज्या पोरीचं लगीन जमत आलंय," तो ओरडला. "गावाचं, देवाचं सोडून तू कायदा शिकवायलीस? उद्या सकाळी पोर नेऊन सोड." मी त्याला म्हटलं, "अन्ना, देवळात तू हात जोडलास तवा मला इचारलास?" तो म्हणाला, "बाईला काय इचारायचं असतंय त्यात." तो वाईट माणूस नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं मी काय विचारते ते. त्याचीच मला जास्त चीड आली.

सकाळी मी आरूला घेऊन तालुक्याच्या गावी, जोयड्याला गेले. तिथं सरकारी इमारतीत अशा भानगडीत सापडलेल्या बायकांना सल्ला देणारी एक बाई बसते, असं नर्सरीतल्या एकीनं सांगितलं होतं. बाई कानडी, पण आमचं मराठी बोलणारी. सगळ्या तिला अक्का म्हणतात. मला वाटलं, ती मला जवळ घेईल, शाबास म्हणेल. तिनं सगळं ऐकलं आणि मलाच झापलं.

"पोर ठेवून घेतलीस, आता ते म्हननार पळवली. आदी हितं यायचं होतं."

"तुमी बी शांत ऱ्हा म्हनून सांगनार काय?" मी उठलेच होते.

"बस," ती म्हणाली. "शांत ऱ्हा म्हननार न्हाई. पन पोरीला मधे घालू नको. तिच्या तोंडातनं निरोप नको, तिच्यासमोर बापाला शिव्या नको. भांडायचं ते हितं भांडायचं, कोर्टात भांडायचं. मी येते बरोबर."

मला ते कडू लागलं. माझ्या निरोपांचं तिला कसं कळलं कोण जाणे. पण इतक्या दिवसांत "मी येते बरोबर" म्हणणारं ते पहिलं माणूस.

तिनं तिकडच्यांना बोलावून घेतलं. सासरा, नवरा दोघे आले. सासरा बसल्या बसल्या म्हणाला, "ह्येचा निकाल झालाय. देवळात."

अक्का म्हणाली, "देवाला आमी नमस्कार करतो गावकर. पन लेकराची आई कौलाच्या वेळी कुठं उभी होती?"

"खाली."

"हितं ती तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसंल."

मी बसले. सासऱ्यानं खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली. सरकवू दे.

मिळालं काय? ऐकायला फार थोडं. कोर्टात घटस्फोटाचा आणि पोरीचा दावा घातला. निकाल लागेपर्यंत आरू शाळेच्या दिवसांत माझ्याकडं, शनिवार-रविवार बापाकडं. पोरीचं देणंघेणं कुणाच्या दारात नाही, जोयड्याच्या बसस्टँडवर. दोन्हीकडं आंघोळ घालून आत घ्यायचं नाही. हे शेवटचं नवऱ्यानं मान खाली घालून कबूल केलं. एवढं साधं कबूल करायला एवढी माणसं लागली, एवढे महिने लागले, याचा मला अजून राग येतो. तारखा पडतात. त्यांचा वकील येत नाही, कधी आमचा येत नाही. भावाच्या घरातून मी निघाले, जोयड्यात खोली घेतली. मी निघताना वहिनी रडली, पण थांब म्हणाली नाही. आरू अजून कधीकधी दारात आली की उंबऱ्याबाहेर थांबते. मी म्हणते, ये की गं. मग येते. मला तिच्यावर नाही, थांबायला शिकवणाऱ्यांवर चिडायला होतं, आणि तिच्यासमोर चिडायचं नाही म्हणून मी दात आवळून भाकऱ्या थापते.

परवाच्या शनिवारी बसस्टँडवर नवरा जीपमधून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, "हितं नको. बाजार भरलाय, वळकीचे लोक हायत. त्या समोरच्या दुकानाच्या मागं घेऊन ये तिला."

आरू निघाली. मी तिला थांबवलं.

"न्हाई," मी म्हणाले. "मागं न्हाई. तुमी उतरा. तिचा हात धरा आनि सगळ्यांच्या देखत घेऊन जावा. पोर हाय तुमची. चोरीचा माल न्हाई."

लोक बघायला लागले. बघू दे. तो बराच वेळ स्टेअरिंग धरून बसला. मग उतरला. हात पुढं केला. आरूनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, तिनं त्याचा हात धरला. त्याच्या तोंडावर राग होता, पण हात त्यानं नीट धरला होता.

मी घटस्फोट घेणार आहे. पोर मागणार आहे. मिळेल की नाही, कोर्ट सांगेल. मिळाली तर बापाला भेटू देईन, नाही मिळाली तर पुन्हा मागेन. तिच्यासमोर त्याला शिवी देणार नाही. हे सगळं अक्काला कबूल केलंय आणि पाळते आहे. पण एक गोष्ट मी कुणालाच कबूल केलेली नाही. माझ्या लेकीला परत कुणी धुवायला घेतलं, तर मी सासरच्या त्याच अंगणात जाऊन उभी राहीन, आणि त्या दिवशी मी शांत राहणार नाही.