दुप्पट वेगाचं इंग्रजी

इस्त्रीवाल्या काकूंना इंग्रजी शिकायचं होतं ते एकाच कारणासाठी: मुलाला मधून काढायचं. मुलगा परदेशात, सून तिकडचीच, तिला मराठीचा गंध नाही. फोनवर काकू तोंडभरून बोलायच्या आणि मुलगा बायकोला दोन शब्दांत उरकायचा.

"काय सांगितलंस रे?"

"तुझ्याकडची हवा छान आहे म्हटलं."

काकूंनी सांगितलेलं असायचं ते असं: हा रागावला की तोंडाला कुलूप लावून बसतो, तू अजिबात मनधरणी करू नकोस, आपोआप ताळ्यावर येतो. आता हे त्याच्याच तोंडून तिच्यापर्यंत पोचायचं कसं? चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मग दुकानातल्या टेबलाच्या टोकाला, पाणी फवारायच्या बाटलीला टेकवून फोन उभा राहिला आणि त्यात व्हिडिओतले सर बोलू लागले. सर भले गृहस्थ, पण एक वाक्य बोलून इतके थांबायचे की तेवढ्यात कापड करपावं. थांबणं म्हणजे काकूंना शिक्षाच. शेजारच्या झेरॉक्सवालीने वेग वाढवायची खूण दाखवली. काकूंनी ती टोकापर्यंत रेटली आणि पुन्हा कधी मागे आणली नाही. सर धापा टाकत शिकवू लागले आणि शर्टांवरून इस्त्री सरासरा फिरवत काकू त्यांच्यामागून घोकू लागल्या. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, कॉलर झाली. 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं, बाही झाली. 'कम राउंड' म्हणजे ताळ्यावर येणं, दुसरी बाही. फक्त रेशमी कपडा आला की फोन बंद. रेशमाला घाई खपत नाही, हे काकूंनाही मान्य होतं.

"अगं, ही भाषा आहे का मालगाडी?" काका गठ्ठा बांधता बांधता म्हणाले.

"इंग्रजी अशीच बोलतात. तुम्ही गाठी मारा."

सून आली ती नवऱ्यासकट, बॅगांसकट थेट दुकानातच. काकू हात पुसून खुर्चीत बसल्या, एकदा घसा खाकरला आणि सुटल्या. सगळं इंग्रजी एका दमात. सून डोळे मोठे करून ऐकत राहिली, मग गोड हसली, मग नवऱ्याकडे बघू लागली.

"प्रवास कसा झाला, विचारतेय," मुलाने लगबगीने तिला इंग्रजीत सांगितलं.

एवढं इंग्रजी काकूंना बरोबर कळलं. "मी असलं काही विचारलेलं नाही," त्या मराठीत कडाडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. आवाज वाढला, वेग तोच.

"अगं, जरा हळू," काका म्हणाले.

"हळू मला येत नाही. शिकलेच नाही तसं."

"राहू दे आई, मी सांगतो ना," मुलगा म्हणाला.

काकूंचा चेहरा पडला. पण तेवढ्यात त्यांना सुनेच्या गळ्यातला रेशमी रुमाल दिसला. प्रवासात पार चुरगळलेला. चुरगळलेलं कापड काकूंना बघवत नाही, मग जगबुडी का येईना. त्यांनी सरळ हात घालून तो काढला, टेबलावर पसरला, वर सुती फडकं टाकलं आणि इस्त्री मंद करून टेकवली. इतके दिवस त्यांची जीभ हाताच्याच तालावर इंग्रजी शिकली होती. हात मंदावला, तशी जीभही मंदावली.

"ही... गेट्स अँग्री. नो टॉकिंग." इस्त्री बोटभर पुढे. "डोन्ट... गिव्ह... इन."

सून टेबलाला येऊन चिकटली.

"ही विल... कम राउंड."

"आई म्हणतेय, हवा..." मुलाने सुरुवात केली.

सुनेने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि काकूंना एकेक शब्द सुटा करून विचारलं, ताळ्यावर यायला याला किती वेळ लागतो?

काकूंनी रुमाल उलटला. "अनटिल... हंग्री."

सून खो खो हसत सुटली. काका गाठ अर्धवट सोडून मुलाला विचारू लागले, "काय रे, काय म्हणाली ही?"

मुलगा बॅगेवर पाठ फिरवून बसला, तोंडाला कुलूप लावून.

सुनेने त्याची मनधरणी केली नाही. त्याला हाताने जरासं सरकवलं, बॅग उघडली आणि आतून दुसरा रेशमी कपडा काढून काकूंपुढे पसरला. त्या कपड्यावर एकही सुरकुती नव्हती.