फ्लॉरेन्सची शेवटची बाई

चूक माझीच. आईला ती गोष्ट मीच सांगितली, तीही तिखटमीठ लावून.

दोन वर्षांपूर्वी आई वसईहून व्हिजिट व्हिसावर दोन महिने आमच्याकडे आली होती. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतला वन बीएचके, त्यात नवरा, मी, आठवीतली लेक आणि आता आई. लेकीला शाळेत इटलीतल्या एका बड्या घराण्यावर प्रोजेक्ट होता. ती आजीला सगळं इंग्रजीत सांगत बसायची. आजी मान डोलवायची आणि मग हळूच माझ्याकडे बघायची. म्हणजे दुभाषी मी. कोळंबी सोलता सोलता रोज थोडं थोडं सांगत गेले.

घराणं फ्लॉरेन्स शहरातलं. आधी पेढीवाले, मग शहराचे मालकच. मोठमोठे चित्रकार, शिल्पकार त्यांनी पोसले, फ्रान्सला राण्या दिल्या. यांच्यातले पोपही झाले म्हटल्यावर आईच्या हातातली कोळंबी हातातच राहिली. पेढीवाल्याच्या घरातला पोप? तिला ते काही पचेना. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की दुश्मनांनी त्यांच्यातल्या एका तरुणाला चर्चमध्ये, भर मिस्सेत भोसकलं. आईने क्रुसाची खूण केली आणि त्या दिवशी पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

शेवटचा भाग मात्र तिने मला दोनदा सांगायला लावला. घराण्यातली शेवटची बाई. भाऊ गेलेला, पोटी मूल नाही, राज्य परक्यांच्या हातात चाललेलं. तिने नव्या राज्यकर्त्यांशी लेखी करार केला: चित्रं, पुतळे, पुस्तकं, आमच्या घराण्याने जमवलेलं सगळं तुमचं, पण त्यातलं काहीही शहराबाहेर न्यायचं नाही. म्हणून आज सगळं जग ते बघायला फ्लॉरेन्सला जातं. "बाई शहाणी," एवढंच आई म्हणाली. मीही वर भर घातली की बघ ना, नाहीतर वारसांनी विकून खाल्लं असतं. काय ही माझी जीभ!

कारण तेव्हा माझ्याच डोक्यात विकायचं चाललं होतं. वसईची वाडी आईच्या वडिलांची. आई त्यांची एकुलती, त्यामुळे सातबारा तिच्या नावावर. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला होता. वाडी द्यायची, आईला त्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट मिळणार, आणि उरलेल्यात आम्ही दुबईत स्वतःचं, जरा ऐसपैस घर घेणार. लेकीची खोली कुठली तेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं. आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आई परत गेली. तीन-चार महिन्यांनी मी लंच ब्रेकमध्ये तिला फोन केला आणि बिल्डरच्या कागदांवरच्या सह्यांचा विषय काढला. आई म्हणाली, "बाय, ते खलास झालं."

हा शब्द तिने दुबईतल्या आमच्या बिल्डिंगखालच्या ग्रोसरीवाल्याकडून उचललेला, त्यामुळे मला आधी हसूच आलं. मग तिने सांगितलं. वाडी, घर, विहीर, सगळं तिने गावातल्या शाळेला बक्षीसपत्र करून दिलं होतं. ती आहे तोवर ती तिथेच राहणार. पुढे त्या घरात मुलांसाठी वाचनालय. गुंठाभरही कुणी विकायचा नाही. रजिस्ट्रेशनही उरकलेलं होतं.

ऑफिसच्या पॅन्ट्रीत मी भिंतीला टेकून उभी राहिले. मागे एक जण मायक्रोवेव्हसाठी खोळंबला होता, यल्ला यल्ला म्हणत घाई करत होता. मला असा संताप आला की भान सुटलं. पोटच्या पोरीला एका शब्दाने विचारलं नाहीस? हे काय फ्लॉरेन्स आहे? आणि त्या बाईला मूलबाळ नव्हतं गं, तुला मी आहे ना! मी बोलत सुटले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"शेवटचं माणूस कोण, ते मूलबाळावरून नाही ठरत," ती म्हणाली. "घरात राहिलं कोण, त्यावरून ठरतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला ते जास्तच लागलं. मी म्हटलं, म्हणजे मी परकी झाले का? मी त्याच घरात लहानाची मोठी झाले, मला तिथलं पानन् पान ठाऊक आहे.

"मग सांग, विहिरीला लागून झाड कुठलं?"

असला कसला प्रश्न! आंबा, मी म्हणाले. माझा झोपाळा त्यालाच तर बांधलेला असायचा.

"तिथे चिकू आहे. आठ वर्षं झाली, फळं देतोय," आई म्हणाली. "आंबा तुझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी पडला. त्यानंतर तू दरवर्षी येऊन गेलीस, बाय."