मधली रेघ

मुआर नदीच्या पलीकडच्या वस्तीत कुठल्या बाईची कंबर किती, हे एक वेळ तिच्या नवऱ्याला सांगता येणार नाही, पण साओदाला सांगता यायचं. तेहेतीस वर्षं तिनं या बायकांचे कुरुंग शिवले. वरचा सैल सदरा वेगळा, खालची लुंगी वेगळी, आणि दोन्ही अंगावर चढल्यावर बाई दहा वर्षांनी लहान दिसली पाहिजे, हा तिचा हट्ट. मग एका रमजानात काळ्या कापडावर काळा धागा तिला दिसेनासा झाला. चष्मा बदलला, दिवा बदलला, टेबल खिडकीशी नेलं. पण सुईचं नाक काही तिला परत सापडलं नाही.

मुलगा शुकरी जोहोर बाहरू शहरात, चौदाव्या मजल्यावर. चांगला पोरगा, पण चांगल्या पोरांचा एक वैताग असतो. ती ऐकत नाहीत. "आई, तुझ्यासाठी खोली रिकामी केली. खाटसुद्धा आणली," असं तो दर शुक्रवारी फोनवर सांगायचा. साओदा म्हणायची, "बघू." चौदाव्या मजल्यावरून कुणाला हाक मारायची, आणि मारली तर कोण वळून बघणार, हा तिचा सवाल होता. शेवटी शुकरीनं शब्द घेतला. ईदपर्यंत हाताला कायमचं काम मिळालं तर राहा, नाहीतर ईद झाल्यावर सामान बांध.

आता काम तिला सापडलं होतं, फक्त जगाला ते अजून मान्य नव्हतं. झालं होतं असं, की गोह ताउकेच्या, म्हणजे गोह शेठच्या, दुकानातून व्हिनाइल फरश्यांचा एक उरलासुरला खोका तिनं स्वयंपाकघरासाठी आणला होता. मोठ्या वहीएवढे पातळ, चिवट चौकोन, मागचा कागद सोलायचा आणि चिकटवायचे. सरळ जागी कुणीही चिकटवेल. खरी परीक्षा चुलीच्या पायाशी, नळाच्या पाइपाशी आणि जिथे भिंत वाकडी तिथे. साओदानं आधी वर्तमानपत्राचा कागद घेतला, जागेवर दाबला, कडेनं बोटाची घडी पाडली आणि बाहीसारखा पॅटर्न काढला. मग पाइपाभोवती फरशी अशी बसली की शेजारणींनी तोंडात बोटं घातली. एकीनं आपली मोरी करून घेतली, दुसरीनं देवडी. हळूहळू अवजारं जमली. पोलादी पट्टी, सुताराचा गुण्या, चोचीसारख्या वाकड्या पात्याची सुरी, केस वाळवायचं यंत्र (गार फरशी तडकते, जराशी ऊब दिली की लोण्यासारखी कापते), आणि तिची सगळ्यात लाडकी, दातांची फणी. फणीला बारीक पोलादी काड्यांची रांग. खांबाला दाबली की काड्या मागे सरकतात आणि खांबाचा उंचसखल आकार जसाच्या तसा उमटतो. साओदा ती उशाशी घेऊन झोपायची, असं वस्तीत म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

रमजान आला की आमच्याकडे घराघरात जमिनीला नवा कपडा हवा असतो. पाहुणा येतो, चपला बाहेर काढतो आणि थेट जमिनीवर मांडी घालतो. भिंतीला कोण विचारतो! जमीन बघूनच घराची पत ठरते. त्यामुळे महिनाभर गोह ताउकेकडे रीघ, आणि त्याचा फरशीवाला जेलानी याच्या नाकी नऊ. जेलानीकडे हातदांड्याचा मोठा कटर होता. दांडा दाबला की फरशी खटकन सरळ तुटायची. सरळ कापण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. वाकडं आलं की तो अंदाजानं मारायचा, उरलेल्या भेगेत पांढरी पुट्टी भरायचा आणि वर म्हणायचा, "इथे कपाट ठेवा."

शेवटच्या आठवड्यात मक लाँग तिमाहचं काम आलं. मक लाँग ही साऱ्या वस्तीची थोरली मावशी, वय ऐंशीच्या पुढे, जीभ विशीतली. तिचं घर जुनं, लाकडी, खांबांवर उभं. दिवाणखान्यात डावीकडे चार खांब, उजवीकडे चार, सगळे भिंतीतून अर्धे बाहेर आलेले. जेलानीनं खांब मोजले आणि आपल्याला वेळ नसल्याचं त्याच्या लक्षात आलं.

गोह ताउकेनं साओदाला बोलावलं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं सगळे तिला कक म्हणत. "कक, ऐक. मोरी वेगळी, मक लाँगचा दिवाणखाना वेगळा. ईदला अर्धी वस्ती तिथे बसणार. नीट झालं तर दुकानाच्या पाटीवर जेलानीच्या नावाखाली तुझं नाव आणि नंबर लिहितो. बारा महिने काम. बिघडलं, तर मला तोंड दाखवू नको, मीच लपून बसेन."

"फरश्या किती जास्तीच्या?"

"दोन. हा रंग कंपनीनं बंद केला. मक लाँगला हाच हवा. दोनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साओदा अवजारांची पिशवी घेऊन पायऱ्या चढली. सुतार आदल्या दिवशी फळ्यांवर प्लायवूड ठोकून गेले होते. तिनं खडू लावलेली दोरी ताणली, मधोमध टिचकी मारली आणि दिवाणखान्याचे बरोबर दोन भाग करणारी निळी रेघ उमटवली. मक लाँग वेताच्या खुर्चीत तसबी ओढत बसली होती, पण तिचं लक्ष मण्यांवर नव्हतं.

"मधून काय सुरू करतेस गं? जेलानी भिंतीपासून करतो."

"मक लाँग, पाठीचा मधला काढल्याशिवाय मी कधी तुझा सदरा कापला?"

"नाही. पण तेव्हा माझी पाठ सरळ होती."

याच वेळी जेलानी दारात उभा राहिला. बघायलाच आला होता, पण उसनी दिलेली पट्टी परत मागायला आल्याचं सोंग आणलं. "कक, मधून सुरू केलं की दोन्ही भिंतींना कापाकापी येते. दुप्पट काम. मी एका भिंतीला अख्खी फरशी लावतो, कापायचं एकाच बाजूला."

"म्हणून तुझ्या घरांत एका बाजूला अख्खी फरशी आणि दुसऱ्या बाजूला पापडाचे तुकडे."

"उपाशीपोटी एवढं बोलू नका, रोजा तुटेल," असं म्हणून तो हसत गेला. पट्टी न्यायला विसरला.

दुपारपर्यंत मधल्या सगळ्या फरश्या बसल्या. आता दोन्ही भिंतींकडे सारख्या रुंदीची पट्टी उरली आणि तिच्यात ते आठ खांब. साओदानं डावीकडच्या चारही खांबांना फणी दाबली, चार कागदी पॅटर्न काढले, त्यांवर एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले. फरशीच्या मागच्या कागदावर छान चौकटी छापलेल्या होत्या. शिंप्याच्या हाताला असली उलटी बाजू दिसली की तो खडू तिथेच टेकवतो. जन्मभराची सवय. कापडावर खूण नेहमी उलट्या बाजूनं, म्हणजे सुलट बाजू मळत नाही. पॅटर्न मागच्या कागदावर ठेवले, आखले, ऊब दिली, आणि चोचीच्या सुरीनं एकामागून एक चारही फरश्या कापल्या. आधी सगळं कापायचं, मग जोडायचं, हीसुद्धा शिंप्याचीच रीत. काप इतके सुरेख आले की तिनं स्वतःशीच मान डोलावली.

मग पहिली फरशी उलटून खांबाशी नेली. खाच पलीकडच्या टोकाला, फिरवून धरली तर खांबाच्या पुढेमागे सरकलेली. दुसरी नेली. तीच तऱ्हा. तिसरी, चौथी, सगळ्यांच्या खाचा जिथे हव्या होत्या त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला. मागून आखलेलं पुढून उलटं होणारच. कापडाच्या बाबतीत हे कधी अंगाशी आलं नव्हतं, कारण कापड दुहेरी घडीत कापतात आणि डावं-उजवं एकदमच मिळतं. फरशीची घडी कोण घालणार?

साओदा मटकन खाली बसली. चार फरश्या गेल्या, हाताशी जास्तीच्या दोन. रंग बंद. तिला एकदम ती खाट दिसली, चौदाव्या मजल्यावरची, नवी चादर घातलेली. खरं सांगायचं तर तिला रडू आलं, आणि रोज्यात रडलं तर चालतं की नाही हे आठवेना म्हणून तिनं ते गिळलं.

"काय झालं गं?" मक लाँगनं खुर्चीतूनच विचारलं. "सदऱ्याला दोन्ही डाव्या बाह्या शिवल्यासारखा चेहरा झालाय तुझा."

"तसंच झालंय, मक लाँग."

"मग त्यात काय? माझ्या लग्नाच्या वर्षी तुझ्या आईनं मला दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. माझ्या नवऱ्यासारखं तोंड पाडून बसली नाही ती. दुसऱ्या सदऱ्याला दोन उजव्या कापल्या आणि अदलाबदल केली. दोन सदरे झाले. एक मी अजून जपून ठेवलाय, त्यात आता माझा एक दंडसुद्धा जात नाही ते सोड."

साओदानं मक लाँगकडे पाहिलं. मग निळ्या रेघेकडे पाहिलं. मग उजव्या भिंतीकडे. रेघेच्या इकडे जेवढं, तेवढंच तिकडे. डावीकडच्या पट्टीची रुंदी आणि उजवीकडची एकच, कारण सुरुवात मधून झाली होती. हे घर म्हणजे दुहेरी घडीतलं कापड होतं, आणि तिनं नकळत चारही उजव्या बाह्या कापल्या होत्या.

ती पहिली फरशी घेऊन उजव्या भिंतीच्या पहिल्या खांबाकडे गेली. फरशी सरकवली. खांबाच्या अंगाला ती टेकली आणि गप्प बसली. खांब हातानं तासलेले, त्यामुळे एके ठिकाणी केसाएवढं अडलं. सुरीनं जरासा वळसा दिला आणि तेही मिटलं. दुसरी बसली. तिसरी बसली.

"मक लाँग!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की म्हातारीच्या हातातली तसबी पडली.

"मेले का मी?"

"नाही! घर बांधणाऱ्याला दुवा दे! डावं-उजवं एका मापाचं केलंय बघ!"

"माझ्या सासऱ्यानं बांधलं," मक लाँग गुर्मीत म्हणाली. "माणूस खडूस होता, पण दोरी लावल्याशिवाय खिळा मारत नसे."

चौथी फरशी मात्र बसली नाही. बोटभर अंतर राहिलं. "तो खांब पुरात गेला होता. नवा माझ्या नवऱ्यानं घातला," मक लाँग म्हणाली. नवऱ्याचं सगळं बोटभर चुकलेलंच असायचं हे वस्तीला माहीत होतं. तेवढी एक फरशी वाया गेली. जास्तीच्या दोनांतली एक तिथे लागली. उजवीकडच्यासाठी ठेवलेल्या चार फरश्या आता डावीकडच्या झाल्या, आणि या वेळी साओदानं खडू उलट्या बाजूला टेकवण्याआधी स्वतःच्याच हातावर एक चापट मारली. पॅटर्न सुलट बाजूवर ठेवले, आकडे दोनदा वाचले. अस्राच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजापर्यंत शेवटचा तुकडा बसला. एक अख्खी फरशी शिल्लक राहिली. तिनं ती कपाळाला लावून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी मक लाँगनं रोजा सोडायला सगळ्यांना बोलावलं होतं. गोह ताउके रोजे धरत नाही, पण जेवायला वेळेवर येतो. तो केळीच्या पानात भाजलेल्या माशाच्या वड्या, ओताक-ओताक, घेऊन आला आणि जिन्याशी चपला काढता काढताच जमिनीकडे वाकून बघू लागला. जेलानीही आला. अजान झाली, खजूर तोंडात गेले, गुलाबी सरबताचा जग फिरला. आणि मक लाँगनं ग्लास उचलला, तो तिच्या हातातून निसटून थेट तिसऱ्या खांबाच्या बुंध्याशी सांडला.

सगळे थबकले. गुलाबी ओघळ खांबाला वळसा घालून फरशीवर पसरला. भेग असती तर सरबत खाली गेलं असतं, फळ्यांना लागलं असतं आणि सकाळपर्यंत मुंग्यांनी ईद केली असती. जेलानी गुडघ्यांवर बसला, गाल जमिनीला लावून त्यानं बघितलं. थेंबभरसुद्धा खाली उतरलं नव्हतं. मक लाँगनं फडक्यानं एकदा पुसलं आणि जमीन पुन्हा कोरडी झाली. ग्लास मुद्दाम सांडला की चुकून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत कुणाची आहे?

"ताउके," मक लाँग म्हणाली, "पाटीवर नाव मोठ्या अक्षरात लिही. मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

"लिहितो, लिहितो. उद्याच." गोह ताउके तोंडात वडी घेऊनच हसला. "पलीकडच्या गावच्या हाजींच्या बैठकीचा कोपरा बघायला सकाळी पाठवू का हिला?"

जेलानी अजून खांबाशीच होता. अंगठ्यानं तो कडा चाचपून बघत होता, वर, खाली, पुन्हा वर. मग त्यानं मान खाजवली. "कक साओदा, ती तुमची फणी... दोन दिवस देता? हाजींच्या शेजारी माझं एक काम अडलंय. गोल खांब आहे."

"पुट्टी संपली का रे?"

दिवाणखाना हसला. जेलानीही हसला. साओदानं पिशवीतून फणी काढून त्याला दिली आणि वर शिकवलं, "हळू दाब. आणि ऐक, फरशीवर सुलट बाजूनंच आखायचं."

"एवढं मला कळतं, कक."

"कळतं ते बरंय. काही काही लोकांना कळत नाही."

इतक्यात तिचा फोन वाजला. शुक्रवार होता, शुकरीच असणार. तिनं फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं नव्या जमिनीवर उगीच हात फिरवत बसली.

"आई, ठरलं ना काही? खोली तयार आहे. कधी येतेस?"

"ईद झाली की येते," साओदा म्हणाली. पलीकडे शुकरी आनंदानं काहीतरी बोलू लागला, तेवढ्यात तिनं त्याला अडवलं. "दोन दिवसांसाठी. तुझ्या स्वयंपाकघरातली जमीन मागच्या वेळी बघितली होती मी. लाज आणलीस. माप घ्यायला येते."