सुखदेवच्या हातचा पट्टा

सुखदेव गेल्याचा फोन त्याच्या मुलाचा, आनंदचा आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मी काय केलं, तर कपड्यांची दोरी मधोमध अंगठ्याने दाबून पाहिली. ही खोड सुखदेवचीच... इतकी वर्षं झाली, सुटत नाही.

आम्ही दोघे वर्ध्याजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं मोटारीवर चालायची, आणि मोटारीची ताकद यंत्रापर्यंत न्यायचा रबरी पट्टा. तो सैल पडला की घसरतो, किंचाळतो, जळका वास सुटतो. फार ताणला तर गप्प चालतो आणि आतल्या आत बेअरिंग खातो. नेमका ताण ओळखायची कला अख्ख्या जिनिंगमध्ये एकट्या सुखदेवच्या अंगठ्यात होती. मी नावाचा फिटर. त्यामुळे त्याला सुटी अशी नव्हतीच. केळझरला बहिणीकडे जेवायला बसला तरी मागून सायकलवर माणूस हजर. टिनाच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत, नाकातोंडात रुई जात असताना तो म्हणायचा, "प्रभाकर, या अंगठ्यानं मले इथंच बांधून ठेवलं गड्या."

आणीबाणी उठल्यानंतरच्या हंगामात त्याला नागपूरच्या एका तंत्रशाळेत शिकवायची जागा मिळत होती. त्याला आयुष्यात तेवढंच हवं होतं. पण अनुभवाचा दाखला मॅनेजरच्या हातात, आणि मॅनेजरने अट घातली: तुमच्याशिवाय पंधरा दिवस यंत्रं न थांबता चालली, तर दाखला घेऊन जा. सुखदेव हरखला. कुठून तरी ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा आणून त्याने एकेक पट्टा मधोमध ओढून पाहिला, किती वजनाला किती सरकतो ते वहीत उतरवलं आणि मला त्याची नक्कल करून दिली. "आता अंगठ्याचं काम नाई," तो म्हणाला. "फक्त नवा पट्टा चढवला तं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजजो. नवा पट्टा ढिला होते." पंधरा दिवसांच्या रजेवर जाताना फाटकापाशी पुन्हा तेच सांगितलं. मी हो हो म्हणालो.

आठव्या दिवशी मी एक नवा पट्टा चढवला, अगदी वहीप्रमाणे. नवव्या दिवशी तो किंचाळू लागला आणि मॅनेजर बाहेर डोकावला. मी घाबरलो. काटा आणायलाही गेलो नाही, मोटार मागे सरकवायचा बोल्ट जीव खाऊन आवळला. आवाज बंद. मॅनेजर म्हणाला, "शाबास." पट्टा फार ताणला गेलाय हे माझ्या हाताला कळलं होतं... पण सैल केला तर पुन्हा ओरडेल, म्हणून तसाच राहू दिला. बाराव्या दिवशी बेअरिंग जाम होऊन यंत्र बंद पडलं.

सुखदेवला बोलावणं गेलं. आल्या आल्या त्याने पट्टा अंगठ्याने दाबला. पट्टा हललासुद्धा नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझी बायको तेव्हा दिवसांत होती आणि नोकरी कायम झालेली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तो खरं बोलला असता तर त्याची वही बरोबर ठरली असती, तो सुटला असता आणि मी रस्त्यावर आलो असतो. "बेअरिंग जुनंच होतं साहेब," तो म्हणाला. "माह्याच ध्यानात आलं नाई."

"पाहा, तुमच्याशिवाय चालत नाई," मॅनेजर म्हणाला, आणि दाखला टेबलाच्या खणात गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पुढे दहा हंगाम सुखदेव त्याच खोलीत पट्टे ताणत राहिला. मी रोज त्याच्यासमोर डबा उघडायचो, रोज आज माफी मागू म्हणायचो, आणि रोज भाजी कशी झाली यावर बोलायचो. याची मला लाज वाटते.

सुखदेवच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या घरी, पिपरीला गेलो तेव्हा आनंदने ती मूळ वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर वेगळ्या शाईत लिहिलं होतं: 'नवा पट्टा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणे. हे प्रभाकरला सांगायचं राहिलं. त्याची चूक नाही.'

"बाबा नेहमी म्हणत," आनंद म्हणाला, "माह्याच चुकीनं नागपूर गेलं."

त्या घरात, लोकांच्या गर्दीत, माझं तोंड उघडलं नाही. वही घेऊन परत आलो. म्हणून आनंदसाठी इथे लिहितो आहे: सुखदेवने मला सांगितलं होतं. दोनदा.