अल हमरात मोडलेला उपास

देवाचं मी आयुष्यभर केलं, पण खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी आणि भीतीच जास्त होती. ह्यांच्या छातीत दुखलं, स्टेंट घालावा लागला, तेव्हापासून तर ती भीती आमच्या घरात मुक्कामालाच आली. हे झोपले की श्वास चालू आहे ना, म्हणून मी नाकापाशी हात धरून बघायचे. देवासमोर बसलं की नामस्मरण बाजूला राहायचं आणि नुसता सौदा चालायचा. मी एवढं करते, तू ह्यांना काही होऊ देऊ नकोस. त्या वर्षी मनाशी ठरवूनच टाकलं, की हरतालिका निर्जळ करायची. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही.

आम्ही तेव्हा ओमानमध्ये राहत होतो. सासूबाईंनी पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "अगं, तिथे ऊन केवढं! घोटभर पाणी घेत जा. देव काही दुर्बीण लावून बसलेला नाही." पण मी एकदा हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नाही. त्यांना हो हो म्हटलं, ह्यांना दूध आणि फळं घेतेय असं सांगितलं.

हरतालिका नेमकी शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी आली होती. ह्यांचा रुसैलचा कारखाना आणि आमचा माबेलातला फ्लॅट सोडून ह्यांना जरा मोकळी हवा मिळावी, म्हणून आम्ही दोघं आणि आमची बारा वर्षांची सई, असे अल हमराला दोन दिवस राहायला गेलो होतो. वाळवंटातलं छोटंसं गाव, खजुराच्या बागा आणि मागे जबल शम्सचे उघडे डोंगर. ते डोंगर इतके उंच की बघूनच मला दडपण यायचं. सकाळी मी वादीच्या, म्हणजे तिथल्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रातून वाळू आणून पिंडी केली, बोरीची पानं वाहिली, पूजा केली. मग ह्यांनी जुनी मातीची घरं बघायची टूम काढली. "थोडंसंच फिरू, लगेच परत येऊ," म्हणाले.

त्या भागात आता कुणी राहत नाही. लोक कधीच नव्या घरांत गेले आहेत. त्यातून जुम्म्याच्या नमाजाची वेळ, त्यामुळे गल्ल्यांत चिटपाखरू नव्हतं. चढावर माझी जीभ टाळूला चिकटली. घाम यायचा थांबला, पोटऱ्यांत गोळे आले, आणि समोरची भिंत सरकतेय असं वाटायला लागलं. पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी धुळीत पडले होते आणि हे मला दोन्ही हातांनी उचलत होते.

देवा रे! डॉक्टरांनी ह्यांना वजन उचलायला सक्त मनाई केली होती. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ निळसर दिसत होते, आणि एक हात छातीवर गेला होता. ज्यांच्यासाठी उपास धरला, त्यांनाच मी मारायला निघाले होते! "अहो, सोडा मला, खाली ठेवा," असं ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. सई रडत रडत बाटली माझ्या तोंडाशी धरत होती. "आई, प्लीज ड्रिंक कर ना!" आणि मी बया तोंड फिरवत होते. उपास मोडला आणि ह्यांना काही झालं तर? एवढं एकच डोक्यात होतं. फोनला रेंज नव्हती. सई धावत जाऊन एकेक दार बडवू लागली. त्या ओसाड घरांतून कोण येणार होतं?

तिसरं की चौथं दार उघडलं.

आतून एक म्हातारी ओमानी बाई आली. काही न विचारता तिने मला दंडाला धरून सावलीत ओढलं, ह्यांना खाली बसवलं आणि आतून पेलाभर पाणी आणलं. मी मान हलवली. सई म्हणाली, "मम्मी का फास्ट है." बाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मोडक्या हिंदीत, माझी मावशी रागवायची अगदी तशीच, रागवली. "रोजा? तुम बीमार. तुम मुसाफिर. बीमार को, मुसाफिर को अल्ला छुट्टी दिया. तुम अल्ला से बडा?"

मग तिने तो पेला मला न देता ह्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो माझ्या ओठांपाशी धरला. "पी गं," हे म्हणाले. "मला एकट्याला जगून काय करायचंय?"

मी प्यायले. घटाघटा प्यायले आणि ढसाढसा रडले.

ते घर वर्षभर बंदच असायचं. काही जुनी भांडी न्यायची होती म्हणून मुलाने नमाजाला जाताना आईला तिथे सोडलं होतं. त्याच मुलाने परत आल्यावर आम्हाला गाडीतून निझवाच्या हॉस्पिटलात नेलं. असं झालं, एवढंच मला माहीत आहे. त्याला काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

ह्यांना आत ईसीजीला नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. सवयीने हात जोडले गेले, पण घालायला एकही अट उरली नव्हती. उपास मोडला होता, द्यायला हातात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, "हा माणूस तुझाच आहे रे बाबा. तूच बघ." आणि खरं सांगते, तेवढ्या वेळापुरतं छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. ह्यांचा रिपोर्ट अजून यायचाच होता.

थोड्या वेळाने हे शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "माझं हृदय ठीक आहे म्हणे," हे म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, बायकोला पाणी पाजत जा."

भीती कायमची गेली असं मी म्हणणार नाही. अजूनही कधीतरी झोपेतून दचकून उठते आणि ह्यांच्या नाकापाशी हात नेते. पण आता हात मागे घेताना मी देवाशी सौदा करत नाही. आजचा दिवस दिलास, एवढंच म्हणते आणि कूस बदलून झोपते.