ऑफिसबाहेर उघडतंय का?

मेधा गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली ती आमच्या सरांनीच. 'न भरून येणारी हानी' म्हणे! जिला भर मीटिंगमध्ये तोंडघशी पाडलं तिच्यासाठी आता हात जोडलेली चित्रं... माझं टाळकंच फिरलं.

मेधा अकोल्याची, मी साताऱ्याची. चंडीगढच्या आयटी पार्कात आम्ही शेजारी बसायचो, जवळच्या खरड गावात एकाच मजल्यावर राहायचो आणि भांडायचोही मराठीतच. तिची एक खोड होती. वेबसाइटचं कुठलंही पान झालं की गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जायची, फोनवरचं ऑफिसचं वायफाय बंद करायची आणि लिंक उघडून बघायची. मॅडमजींना चहाला निमित्त लागतं, म्हणून लोक हसायचे. हसा लेको, हसा!

कॉलेजप्रवेशाच्या वेबसाइटला नेमकं हे बाहेर न उघडणंच नडलं. अर्ज पक्का करायची लिंक मुलांना मेलनं जायची. जावा कोडच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यात, त्या लिंकचा पूर्ण पत्ता जोडताना सर्व्हरलाच त्याचं नाव विचारायचं, हा सरांचा हुकूम. आणि तो सांगायचा आपलं ऑफिसातलं नाव. त्यामुळे लिंक ऑफिसात झकास चालायची, बाहेर ठप्प. मेधा म्हणायची, घरातल्या पोराला नाव विचारलं तर ते 'बंड्या'च सांगणार, त्या नावावर पोस्टमन येईल का? खरा पत्ता सेटिंगमध्ये एकदाच लिहा, सगळी पानं तिथूनच घेतील, एवढंच तिचं म्हणणं. सरांनी उडवून लावलं. मुलांचे अर्ज अडकले, तेव्हा मात्र भर मीटिंगमध्ये त्यांनी बोट दाखवलं ते मेधाकडे! मी उसळले, तर हिनंच माझा हात दाबला. "आधी लिंका नीट करू गं. पोरांचे प्रवेश जातील." केल्याही तिनं. पण डाग तिच्याच नावावर राहिला आणि तो तिला फार लागला होता. सरांनी एकदा सगळ्यांसमोर खरं सांगावं, एवढीच तिची इच्छा होती... त्याआधीच तिचं हृदय थांबलं. शोकसभेत सर काय बोलले? चुका सगळ्यांकडूनच होतात, पण मेधाजी मनानं मोठ्या होत्या! तिच्या आईलाही सांत्वनाच्या फोनवर हेच ऐकवलं. लाज कशी वाटत नाही माणसाला?

गेल्या आठवड्यात काकूंचा, म्हणजे तिच्या आईचा, अकोल्याहून फोन आला. ऑफिसनं मेधाच्या फोटोंचं एक पान केलंय, तेही सरांच्या घाईपायी मेधानं दुरुस्त करण्याआधीचं जुनंच टेम्प्लेट वापरून, आणि त्याची लिंक त्यांना मेलनं गेली होती. काकू पुन्हा पुन्हा बोट लावून बघत होत्या, पण लेक काही दिसेना. मग चाचरत म्हणाल्या, "अगं, ह्या पानातही आमच्या मेधाचीच काही चूक राहिली होती का?"

"नाही काकू," मी म्हटलं, "तिनं केलं असतं तर तुमच्याकडे उघडलं असतं."