तुळसाबाईची विहीर

दोर आणि बादली मी ताब्यात घेतली, तरी तुळसाबाई विहिरीच्या काठावरून हलेना.

"साहेब, माही विहीर कायले बंद करता? ते तिघं नाल्यातल्या झिऱ्याचं पानी पेले. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. उन्हाळ्यात नाला आटला की लोक त्यातलं पाणी भरत. वरच्या अंगाला कपडे धुतले जात.

मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून मालेगावला नवाच आलो होतो. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, तीन पेशंट एकाच आळीत निघाले होते. त्या आळीला सर्वांत जवळची विहीर तुळसाबाईच्या मळ्यातली. मी तिथेच बोट ठेवलं.

अशा वेळी विहिरीत लाल दवा टाकतात. पाणी गुलाबी होतं, जंतू मरतात. दुसऱ्या दिवशी रंग गेला की पाणी प्यायला चालतं. नियम एवढाच होता. मी वरून आठ दिवसांची बंदी घातली. कडक ऑफिसर दिसायचं होतं.

तुळसाबाईचा नवरा नामदेव हात जोडून म्हणाला, "आठ दिवसांत वांगे वाळून जातीन, साहेब."

झालं. मला वाटलं, वांग्यांसाठीच ही बाई नाल्याची गोष्ट रचते आहे.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नाला बघितलात?"

"हो सर. तिथे काही नाही."

मी नाल्याकडे फिरकलोही नव्हतो.

विहीर बंद, म्हणून सगळी आळी झिऱ्यावर गेली. चौथ्या दिवशी सात पेशंट आले. त्यांत नामदेव होता. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण फार उशीर झाला होता. दुपारी तो गेला.

मग मी नाल्यावर गेलो. तिथल्या बायकांनी जागा दाखवली. पहिल्या पेशंटच्या घरचे कपडे, अंथरूण, सगळं झिऱ्याच्या वर दहा पावलांवर धुतलं होतं. तुळसाबाईने सांगितलं होतं, दोष झिऱ्याच्याच पाण्यात होता.

मी विहीर उघडली, झिरे बुजवले. साथ आठवड्यात थांबली. डॉक्टरांना खरं सांगायला मात्र माझी जीभ रेटली नाही. रिपोर्टमध्ये विहीरच दोषी राहिली आणि वरून मला शाबासकीचं पत्र आलं.

महिन्याने मी तुळसाबाईच्या मळ्यात गेलो. ती वाळलेली वांग्याची झाडं उपटत होती. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

तिने मान वर केली नाही. "तुमी इचारलं असतं तं म्या नाला दाखवला असता," एवढंच म्हणाली आणि पुढच्या सरीत सरकली.

पुढे तेवीस वर्षं नोकरी केली. कुठल्याही गावी गेलो की आधी पाणी भरणाऱ्या बायकांना विचारायचो, मग पाणी तपासायचो. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तो मीच समासात आखून घेत असे.